विंडोज एक्सपीत जुन्या मालकाचं नाव कसं बदलायचं?

सेकंडहँड कॉम्प्युटरवर 'रजिस्टर्ड टू'खाली आधीच्या मालकाचं नाव दिसतंय, म्हणून विंडोज पुन्हा टाकायची काही गरज नाही. ते नाव रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथे) साध्या मजकुरासारखं पडलेलं असतं.

स्टार्ट, मग रन, तिथे 'रेजएडिट' (इंग्रजी अक्षरांत, regedit) टाइप करून एंटर. डावीकडे 'लोकल मशीन' (HKEY_LOCAL_MACHINE) ही मुख्य फांदी उघडा आणि त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन असं आत आत जा. इथेच बरेच जण चुकतात: नुसतं 'विंडोज' नावाचं फोल्डरही शेजारीच असतं, त्यातही करंट व्हर्जन असतं. एक्सपीला एनटीवालंच लागतं. नुसतं विंडोजवालं विंडोज ९८ साठी.

आता उजवीकडे 'रजिस्टर्ड ओनर'वर डबल क्लिक करून आपलं नाव लिहा. संस्थेचं नाव 'रजिस्टर्ड ऑर्गनायझेशन'मध्ये असतं, ते रिकामं ठेवलं तरी चालतं. बदल करण्याआधी फाइल मेनूतून ती 'की' (म्हणजे डावीकडचं करंट व्हर्जन हे फोल्डर) एक्स्पोर्ट करून ठेवा. आळस करू नका, रजिस्ट्रीत 'अनडू' नसतं! आणि लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटरचं हवं.

नाव बदललं का ते रनमध्ये 'विनव्हर' (winver) टाकून बघा.

याने लॉगिनचं नाव किंवा युजरचं फोल्डर बदलत नाही, त्या वेगळ्या गोष्टी. वर्डमध्ये जुनं नाव दिसत राहिलं तर ते वर्डच्याच ऑप्शन्समध्ये जाऊन बदलावं लागेल.