"यहोवा-रफा" म्हटलं नाही म्हणून आईला उतार पडत नाही का?

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंना डायलिसिस सुरू आहे. घरी प्रार्थनेला आलेल्या एका प्रवचनकारांनी सांगितलं की "परमेश्वर" हे देवाचं खरं नाव नाही, हिब्रू नावानं हाक मारल्याशिवाय प्रार्थना वर पोचत नाही, आजारपणात "यहोवा-रफा" म्हणायचं आणि पैशाची अडचण असली की "यहोवा-यिरे". तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की इतकी वर्षं आपण चुकीच्या नावानं हाक मारत होतो, म्हणूनच आईला उतार पडत नाही.

ताई, आधी हे मनातून काढून टाका. तुमच्या तोंडून कुठलं नाव राहून गेलं म्हणून आई आजारी नाहीत. पण त्या नावांचा अर्थ मी तुम्हाला सांगणार आहे, कारण ती नावं फार सुंदर आहेत आणि तुमच्या मनात ती भीतीला चिकटून राहावीत हे मला सहन होत नाही. मी सांगलीची, नोकरी सगळी मिरजेला नर्स म्हणून झाली. संडे स्कूल तीस वर्षं घेतलं. आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त पाळकांनी आम्हा चौघीजणींना शनिवारी दुपारी बसवून हिब्रू शिकवलं, त्या शिदोरीवर लिहिते आहे.

"रफा"पासूनच सुरुवात करते. हा शब्द बायबलात निर्गमाच्या १५व्या अध्यायात येतो. लोक तांबडा समुद्र ओलांडून आलेत, तीन दिवस पाणी नाही, आणि मिळालं ते मारा इथलं कडू पाणी. ते गोड केल्यावर देव म्हणतो, तुला बरा करणारा परमेश्वर मी आहे. हिब्रूत तिथला शब्द "रोफेखा" असा आहे. त्याच्या शेवटचा "खा" म्हणजे "तुला". "बरा करणारा" एवढंच तो म्हणत नाही, "तुला बरा करणारा" म्हणतो. हे देवानं माणसाला दिलेलं वचन आहे. "यहोवा-रफा" अशी तयार पदवी घेऊन बायबलात कुणीही प्रार्थना केलेली नाही. ती जोडणी पुढच्या लोकांनी केली. प्रेमानं केली असेल, पण तिची अट कुणावर घालता येत नाही.

"यिरे"चं तर मला फारच वाटतं, कारण हा शब्द मराठी माणसाला जितका चटकन कळतो तितका इंग्रजी वाचणाऱ्याला कळत नसावा. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला मोरियाला निघालाय. वाटेवर इसहाक विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? अब्राहाम म्हणतो, देव बघेल. हिब्रूत शब्दशः तेच आहे, मूळ धातू "पाहणे". आपण काय म्हणतो? "फीचं काय करायचं?" "तू नको काळजी करू, मी बघते." यात बघणं म्हणजे नुसतं डोळ्यांनी पाहणं नव्हे, तजवीज करणं. हिब्रूतही तसंच. आणि अब्राहामानं हे नाव दिलं कशाला? त्या जागेला. "निस्सी" (माझा झेंडा) हे मोशेनं बांधलेल्या वेदीचं नाव, "शालोम" (शांती) हे गिदोनानं बांधलेल्या वेदीचं. इथं आपल्यावर काय गुदरलं आणि देव कसा भेटला, याची आठवण म्हणून ही नावं ठेवली गेली, आणि तीही देव भेटून गेल्यावर. देवाला बोलवायला ती कुणी वापरलेली नाहीत.

आता देवाच्या मूळ नावाकडे येते. योद, हे, वाव, हे अशी चार अक्षरं. जुन्या करारात ती सुमारे ६,८०० वेळा येतात. यहुदी लोक ही अक्षरं उच्चारत नाहीत. समोर ती दिसली की ते "अदोनाय" म्हणजे "माझा प्रभू" असं वाचतात. पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा बाकीच्या तिघी बुचकळ्यात पडल्या. मला मात्र माझी आजी आठवली.

माझ्या आजोबांचं नाव दावीद. आजीनं जन्मात ते नाव घेतलं नाही, "आमचे हे" किंवा "मालक" म्हणायची. रोज दिवेलागणीला ती स्तोत्रं मोठ्यानं वाचायची, आणि ७३ स्तोत्रांच्या माथ्यावर दाविदाचं नाव आहे. तिथं आली की आजी ओळीवर बोट ठेवायची, थोडी थांबायची आणि "राजाचे स्तोत्र" असं वाचून पुढे जायची. मी लहानपणी चूक काढायची, आजी, तिथं दावीद लिहिलंय. ती म्हणायची, "लिहिलेलं डोळ्यांनी वाचायचं, तोंडानं राजा म्हणायचं." त्या पानांवर तिचं बोट टेकून टेकून "दाविदाचे" हा शब्द पुसट झाला होता. न उच्चारलेल्या नावावर किती माया असू शकते हे मी तिथं पाहिलं.

यहुद्यांचंही असंच झालं. हिब्रूत पूर्वी फक्त व्यंजनं लिहीत. इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान मासोरेती पंडितांनी, म्हणजे शास्त्राचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, त्यांना स्वरचिन्हं दिली, तेव्हा या चार अक्षरांवर त्यांनी "अदोनाय"चे स्वर ठेवले. वाचणाऱ्याला खूण, की इथं अदोनाय म्हण. पुढे युरोपातल्या वाचकांनी ही व्यंजनं आणि ते स्वर एकत्र वाचले आणि "यहोवा" तयार झालं. आजीच्या बायबलात कुणी "राजा"चे काने "दावीद"च्या अक्षरांवर चढवून "दावाद" वाचावं, तसं. विल्यम टिंडल यांच्या १५३० च्या इंग्रजी भाषांतरात हे रूप आलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. मूळ उच्चार "याहवे"च्या जवळचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. "यहोवा" म्हणू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या जुन्या माणसांनी त्या नावानं रडून प्रार्थना केल्यात आणि त्या ऐकल्या गेल्यात. पण अचूक उच्चारावरच सगळं अडलेलं असतं, तर त्या प्रवचनकारांचीही प्रार्थना अडली असती.

त्या नावाचा अर्थ जळत्या झुडपापाशी सांगितला आहे. मोशे नाव विचारतो आणि उत्तर येतं, "एहये अशेर एहये". मी आहे तो आहे, किंवा मी असेन तो असेन, दोन्ही अर्थ बसतात. यावर तत्त्वज्ञानाची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण मला विचाराल तर दोन ओळी मागे जाऊन पाहा. मोशे घाबरून म्हणतोय, मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जाणारा मी कोण? देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. तिथंही तोच शब्द, "एहये". ऑपरेशनला नेताना पेशंट हात घट्ट धरतो. तेव्हा त्याला शस्त्रक्रियेची माहिती नको असते, कुणीतरी "मी आहे ना" म्हणायला हवं असतं. माझ्या समजुतीनं त्या चार अक्षरांचं सगळ्यात जवळचं मराठी तेच आहे. म्हणूनच योहानाच्या आठव्या अध्यायात येशू "अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे" म्हणतो आणि ऐकणारे दगड उचलतात. तो काय म्हणाला हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"परमेश्वर", "देव" हे शब्द इतर धर्मांतले आहेत म्हणून चालत नाहीत, असंही ते प्रवचनकार म्हणाले असं तुम्ही लिहिलंय. मग "एल" या देवासाठीच्या हिब्रू शब्दाचा विचार करा. हा शब्द इस्राएलाचा एकट्याचा नव्हताच. १९२९ पासून सीरियातल्या उगारित या प्राचीन नगरात मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्यांत कनानी लोकांच्या मुख्य देवाचं नाव "एल" आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी होता तोच शब्द अब्राहामाच्या वंशजांनी घेतला आणि त्यात आपला देव ओळखला. अब्राहामाला आशीर्वाद देणारा मलकीसदेक हा शालेमचा राजा, त्याच्या तोंडी "एल एल्योन", आपल्याकडे "परात्पर देव". एलोहीम, बेथेल, इस्राएल, दानीएल, शमुवेल, इम्मानुएल या सगळ्यांत तोच एल. आपल्या पूर्वजांनी "परमेश्वर" म्हटलं ते याच वाटेनं गेले.

जाता जाता एलोहीमबद्दल, हाही "देव" याच अर्थाचा हिब्रू शब्द. रूप अनेकवचनी आहे म्हणून त्यातून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्ध होतं असं कुणी सांगितलं तर सावकाश घ्या. आपण "बाबा आले" म्हणतो तेव्हा क्रियापदही अनेकवचनी करतो. हिब्रूत उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी आहे. शिवाय मवाबी लोकांचा देव कमोश, त्याच्या एकट्यासाठीही हाच शब्द वापरलाय. त्रैक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्याचा आधार येशूत आहे, व्याकरणात नाही.

"एल शद्दाय" म्हणजे आपल्या बायबलातला "सर्वसमर्थ". शद्दाय हा शब्द ४८ वेळा येतो, त्यातला ३१ वेळा ईयोबाच्या पुस्तकात, म्हणजे सगळ्यात जास्त दुखणं जिथं आहे तिथं. काही पंडित त्याचं मूळ "डोंगर" या शब्दात शोधतात, काही "स्तन" या शब्दात. उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात याकोब योसेफाला शद्दायच्या नावानं आशीर्वाद देतो आणि लगेच स्तनांचे व उदराचे आशीर्वाद म्हणतो, तेव्हा दुसरा अर्थ अगदीच परका वाटत नाही. साताऱ्याला १९१७ साली "देवाचा दरबार" सुरू करणारे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. कुणाला ते उसनं वाटलं असेल, मला ते शद्दायच्या फार जवळचं वाटतं.

सगळ्या नावांत माझं जीव की प्राण असलेलं नाव म्हणजे "एल रोई", मला पाहणारा देव. हे नाव ठेवणारी हागार. मिसरी दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. बायबलात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ती आहे, ना अब्राहाम ना मोशे. आणि उत्पत्तीचा तो १६वा अध्याय बारकाईनं वाचा. तिची मालकीण साराय तिला "माझी दासी" म्हणते, सारायचा नवरा अब्राम (पुढचा अब्राहाम) "तुझी दासी" म्हणतो. दोघांपैकी एकाच्याही तोंडी तिचं नाव नाही. "हागार" अशी हाक पहिल्यांदा मारतो तो देवदूत, रानातल्या विहिरीपाशी.

मागे एका गळिताच्या हंगामात आम्ही तपासणी शिबिराला ऊसतोड टोळीकडे गेलो होतो. फडाच्या कडेला कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली. तपासणी झाल्यावर बायका बसल्या, म्हणाल्या काहीतरी सांगा, म्हणून मी हागारेची गोष्ट सांगितली. एक बाई सात महिन्यांची गरोदर होती, वाढं बांधून बांधून तिच्या हातांना चिरा पडलेल्या. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे तिला नावानं कुणीच बोलवत नव्हतं?" मी म्हटलं, नाही. तिनं थोडा वेळ जमिनीकडे बघितलं. "आम्हाला पण मुकादमाच्या वहीत नाव नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता." मग तिनं विचारलं, त्या विहिरीचं नाव काय म्हणालात? मी सांगितलं, बैर-लहाय-रोई, मला पाहणाऱ्या जिवंताची विहीर. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. उच्चार चुकला होता, पण अर्थ माझ्यापेक्षा तिला जास्त कळला होता.

नव्या करारात तर नावांचं हे ओझं उतरवूनच ठेवलं आहे. येशूचा जन्म होण्याआधीच यहुद्यांनी शास्त्र ग्रीकमध्ये आणलं होतं. तिथं चार अक्षरांच्या जागी "किरियॉस", म्हणजे "प्रभू", असं वाचलं जायचं. प्रेषितांनी तेच वापरलं. "जो कोणी परमेश्वराचा धावा करील तो तरेल" हे योएलाचं वचन पौल रोमकरांस पत्रात घेतो आणि तिथला प्रभू म्हणजे येशू, असं सांगतो. "येशू" हेसुद्धा मूळ येशूआचं ग्रीकमधून फिरून आलेलं रूप, अर्थ "यहोवा तारण करतो". वधस्तंभावरची "माझ्या देवा, माझ्या देवा" ही आरोळी मत्तय "एली, एली" अशी लिहितो आणि मार्क "एलोई, एलोई" अशी. प्रभूच्या त्या हाकेचाही उच्चार दोन शुभवर्तमानांत एकसारखा नाही, आणि मंडळीनं दोन्ही जपून ठेवले. शिष्यांनी प्रार्थना शिकव म्हटलं तेव्हा त्यानं यांतलं एकही हिब्रू नाव दिलं नाही, "पिता" म्हणायला सांगितलं.

आता तुमच्या आईंसाठी. गणनाच्या १२व्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम कोडानं पांढरी पडते. मोशेपेक्षा त्या चार अक्षरांवर जास्त अधिकार कुणाचा असणार? पण बहिणीला तसं पाहून त्याच्या तोंडून निघतं ते "एल ना रफा ना लाह". हिब्रूत पाचच शब्द. देवा, तिला बरं कर, पाया पडतो. "यहोवा" नाही, पदवी नाही, नुसता "एल", म्हणजे आपला "देवा".

डायलिसिसला चार चार तास बसावं लागतं, तेव्हा आईंचा हात धरून हीच प्रार्थना मराठीत म्हणा. जमलं तर तो अध्याय पुढेही वाचून दाखवा. मिर्याम त्याच दिवशी छावणीत परत आली नाही, सात दिवस तिला बाहेर राहावं लागलं. आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, सगळे तिच्यासाठी थांबून राहिले.