फोर्टमधल्या जुन्या इमारती आणि तिथले खाणे एका दिवसात पाहायचे असेल, तर रविवार निवडावा का?

मुंबईत एकच दिवस हाताशी आहे, फोर्टमधल्या जुन्या इमारती आणि तिथले प्रसिद्ध खाणे दोन्ही साधायचे आहे, मग गर्दी टाळण्यासाठी रविवारी जावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते कामाचाच दिवस निवडावा. फोर्टमधले खाणे बँका, न्यायालये आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर वाढलेले आहे. रविवारी ही मंडळी घरी असतात, अनेक खाणावळी बंद असतात आणि उघड्या असलेल्या ठिकाणीही कढईतून घाणे सतत निघत नाहीत. वडापाव खायचा तर याच गोष्टीकडे लक्ष द्यावे. नाव कितीही मोठे असले तरी परातीत थंड पडलेले वडे दिसले, तर पुढे जावे. घाणा निघताना उभे राहून सुक्या लसणाच्या चटणीसह खाल्लेला वडा सर्वांत चांगला.

दिवसाचा क्रम उन्हाच्या दिशेवरून ठरवावा. सकाळी धोबी तलावाच्या कयानीसारख्या इराणी उपाहारगृहात ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घ्यावा. ब्रूनचे कवच कडक असते, त्यामुळे ते चहात बुडवूनच खावे. तिथून ओव्हल मैदानावर यावे. मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शैलीच्या, इमारतींचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन थेट त्यांच्यावर पडते आणि गोलाकार कोपरे, खिडक्यांवरून सरळ रेषेत धावणारे छज्जे आणि दर्शनी भागावर खास वळणात कोरलेली इमारतींची नावे स्पष्ट दिसतात. पाठीमागे, पूर्वेच्या बाजूला, उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या शैलीतल्या, इमारती उभ्या आहेत, पण सकाळी त्यांचा दर्शनी भाग सावलीत असल्याने त्या संध्याकाळसाठी राखून ठेवाव्यात. या दोन्ही रांगांना २०१८ साली एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दुपारी जेवून दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून, सावलीतून, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे चालत जावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. समोरची महानगरपालिकेची इमारतही त्यांचीच आहे. बहुतेक जण रस्त्यापलीकडून टर्मिनसच्या घुमटाचे छायाचित्र काढून निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, एक ब्रिटनचे आणि दुसरा भारताचे प्रतीक. भिंतींवर पाने, पशू आणि पक्षी कोरलेले आहेत, त्यांच्यासाठी अर्धा तास तरी द्यावा. लोकलच्या तिकीट खिडक्या असलेल्या दालनात जाऊन मान वर करून कमानदार छतही अवश्य पाहावे.

ऊन कलले की पुन्हा ओव्हलवर यावे. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचे नाव दिलेला राजाबाई मनोरा यावेळी पश्चिमेच्या उन्हात उजळलेला असतो. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत, हे मला आजही विलक्षण वाटते. मनोरा मैदानाच्या मध्यावरून पाहावा, कारण कुंपणाजवळून झाडांमुळे त्याचा खालचा भाग झाकला जातो. पावसाळ्यात येणार असाल, तर उन्हाचा हा सारा हिशेब सोडून द्यावा आणि कमानींखालच्या वाटेलाच अधिक वेळ द्यावा.