पाचशे नोकऱ्या, पण कोणाच्या मस्टरवर?

प्रश्न : आमच्या भागातला गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना वाढतोय. पाचशे जणांना काम मिळणार म्हणतात. मुलगा आयटीआय फिटर, सध्या कळंगुटच्या हॉटेलात मेंटेनन्सला आहे. त्याला हॉटेल सोडायला सांगू का?
— एक आई, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : ताई, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यापासून सत्तरीत असा आकडा कानावर आला की जीव वरखाली होतो, मला कळतं. पण आधी त्या पाचशेची फोड विचारा. वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग पाडणाऱ्या विभागात काढली. तिथे नवी लाइन आली तेव्हाही मोठा आकडा फिरत होता. त्यात शेड बांधणारे गवंडी होते, कँटीनवाले होते, ट्रेनी होते. आमच्या शिफ्टला कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या हजेरीपटावर, आले नऊ!

जुन्या प्रेसला पत्रा सरकवायला दोघे, भाग काढायला दोघे लागायचे. नव्या लाइनला पत्र्याची कॉइल आपोआप पुढे सरकते. एकच माणूस भाग उचलतो, कडेला बर (धारदार कंगोरा) आली का बघतो आणि बिनमध्ये टाकतो. वेल्डिंग रोबो करतो, माणूस फिक्श्चरमध्ये (तुकडे जागी धरणाऱ्या साच्यात) तुकडे बसवून बटण दाबतो. हे काम चार दिवसांत येतं, म्हणून ते कंत्राटदाराकडे जातं. प्रेसचा साचा म्हणजे डाय बदलणारा सेटर, ते साचे बनवणारा-दुरुस्त करणारा टूलरूमवाला, रोबो अडला की सेन्सर तपासणारा, यांना मात्र सहसा कोणी हलवत नाही. तुमच्या फिटरने तिकडे बघावं. हॉटेलात पंप-मोटरी उघडल्या असतील, तर मुलाखतीत ते जरूर सांगावं.

‘अप्रेंटिस (शिकाऊ) म्हणून ये’ म्हणाले तर समजून घ्या : १९६१ च्या कायद्याने अप्रेंटिस हा कामगार धरत नाहीत. विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही, आणि नंतर ठेवून घेतलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. तरी प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडतं, वय लहान असेल तर मी हो म्हणेन.

वाड्यावरचं कोणी तिथे कामाला असेल तर त्याचं पीएफ पासबुक मोबाइलवर बघायला मागा. आस्थापना म्हणून कंपनीचं नाव आहे की कंत्राटदाराचं, ते तिथे लिहिलेलं असतं. गेटवरच्या साहेबापेक्षा ते पासबुक खरं बोलतं.

राजीनामा मात्र नेमणूकपत्र हातात पडल्यावरच. चवथीला घरी येईल तेव्हा समोर बसवून बोला, फोनवर तो नुसतं ‘हं, हं’ करील.