हँडबॉलचं प्रमाणपत्र अवैध ठरलं. दाद कुठे मागायची?

तुमच्या मुलीला राष्ट्रीय हँडबॉल स्पर्धेत पदक मिळालं. त्यावर तिने पोलीस भरतीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून अर्ज केला. ‘स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त नव्हती’ म्हणून पडताळणीत प्रमाणपत्र अवैध ठरलं आणि निवड यादीतून नाव गेलं. त्यानंतरच्या 10 महिन्यांत तुम्ही 6 स्मरणपत्रं पाठवलीत, आणि आता विचारता की दिल्लीतला संघटनांचा वाद मिटेपर्यंत थांबावं का. अशी पत्रं मला नेहमी येतात, खेळ तेवढा बदलतो.

मुळीच थांबू नका. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, 1985, कलम 21: अंतिम आदेशापासून 1 वर्षात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अर्ज. तुमच्या हातात जेमतेम 2 महिने उरलेत. स्मरणपत्रांनी ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 च्या एस. एस. राठोड प्रकरणापासून सांगितलं आहे, तरी लोक पोचपावत्यांची फाईल जाड करत बसतात. नियमात अपिलाची तरतूद असेल आणि तुम्ही ते वेळेत केलं असेल, तर हिशेब बदलेल. पण त्याबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण फारसं टिकत नाही.

राहिला मान्यतेचा प्रश्न. हँडबॉल फेडरेशन ऑफ इंडिया आणि हँडबॉल असोसिएशन इंडिया या दोन्ही संघटनांनी राष्ट्रीय असल्याचा दावा केला, त्यात खेळाडू भरडले गेले. पण आज कोण खरं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. स्पर्धेच्या तारखेला मान्यता कोणाकडे होती, एवढंच दाखवा. 2011 च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता वर्षागणिक नव्याने घ्यावी लागे. म्हणून त्याच वर्षाचं पत्र माहिती अधिकारात मागवा. 10 रुपये लागतात. नकाराच्या पत्रातला आक्षेप मंत्रालयाच्या मान्यतेवर आहे की भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या, तेही नीट वाचा. उत्तर यायला 30 दिवस लागतात, तेव्हा त्यासाठी मॅटचा अर्ज अडवून धरू नका. कागद नंतरही जोडता येतो.

2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्यातल्या न्यायाधिकरणाचं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, भरतीतला नकार तिथे जाणार नाही. थेट उच्च न्यायालयात गेलात, तर बहुधा आधी मॅटकडेच पाठवतील.

अर्जात एक जागा रिकामी ठेवण्याची अंतरिम मागणी करा. मुलीच्या जागी निवडलेल्या उमेदवारालाही प्रतिवादी करा. हे राहून गेलं की पुढच्या तारखांची रांग लागते आणि मग दोष न्यायालयाला. नकाराचं पत्र ज्या लखोट्यातून आलं तो अजून असेल तर वकिलाकडे द्या, टपालाच्या शिक्क्यासकट.