वाचकांचे प्रश्न : आठवीच्या वर्गात कोणते न्यायनिवाडे सांगावेत?

प्रश्न : मी गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका विद्यालयात सातवी-आठवीला सामाजिक शास्त्रे शिकवते. मुले मूलभूत हक्क पाठ करतात, पण त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे विचारतात. इंटरनेटवरच्या याद्या केशवानंद भारती खटल्यापासून सुरू होतात आणि तो मुलांच्या डोक्यावरून जातो. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनासाठी कोणते निवाडे निवडावेत?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : केशवानंद भारती (१९७३) यंदा बाजूला ठेवलात तरी चालेल. संसदेचे अधिकार कोणते, हेच ज्यांना अजून शिकायचे आहे, त्यांना त्या अधिकारांची मर्यादा ठरवणारा तेरा न्यायमूर्तींचा निर्णय कसा उमगणार? ज्या खटल्यात शाळकरी मुलेच अर्जदार होती, तिथून आरंभ करावा.

तो खटला म्हणजे बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६). यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, मात्र आपल्या ईश्वराच्या प्रार्थनेखेरीज अन्य कशात सामील होणे धर्माला मान्य नसल्याने गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि उच्च न्यायालयानेही त्यांची बाजू मान्य केली नाही. वर्गात एवढीच हकीकत सांगून थांबावे आणि निकाल मुलांनाच द्यायला लावावा, कारण खरा निकाल आधी कळला की विचार करण्याचे कारणच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या पीठाने भावंडांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. संविधानाच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्ती) आणि २५ (धर्म) मधील स्वातंत्र्यांवर निर्बंध घालायचा तर तो कायद्यानेच घालावा लागतो. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारे शिक्षण खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही, हा या निर्णयाचा गाभा आहे. मात्र ‘राष्ट्रगीताचा मान राखला नाही तरी चालते’ असा सोयीस्कर अर्थ मुले काढू शकतात, तो तिथल्या तिथे खोडावा. ती भावंडे आदराने उभी राहत होती आणि निर्णय त्या वस्तुस्थितीवर उभा आहे.

दुसरा निवाडा उन्नीकृष्णन विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (१९९३). वाद होता व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्काचा. पण त्या ओघात न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हा हक्क सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे, म्हणजे तुमच्या आठवीच्या मुलांच्या बाबतीत तो संपत आला आहे. हे त्यांना अवश्य सांगावे. नववीचे काय, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.

छडीचा विषय शिक्षकांना अडचणीचा वाटतो, म्हणूनच तो टाळू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली तेथील शाळांत शारीरिक शिक्षेस परवानगी देणारा नियम रद्द केला. त्या न्यायालयाचा निर्णय गोव्यावर बंधनकारक नसतो, परंतु आपल्याकडे गोवा बाल कायदा, २००३ आहेच, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे.

कर्नाटक शेजारी असल्याने, तेथील सरकारच्या गणवेशाच्या आदेशामुळे वर्गात हिजाब घालण्यास झालेल्या मनाईविषयी कोणीतरी विचारेलच. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवण्यात आले. विद्यार्थिनींच्या बाजूने मत देणारे न्या. सुधांशू धुलिया यांनी बिजो इमॅन्युएल निर्णयाचाच आधार घेतला होता, तर न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशाचा आदेश योग्य ठरवला. वर्गात जाण्यापूर्वी दोन्ही निकालपत्रे आपण स्वतः वाचावीत आणि मुलांना दोन्ही बाजू सारखाच वेळ देऊन सांगाव्यात.