किराण्याचं बजेट 25 तारखेलाच का संपतं?

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे. वही ठेवतो, ॲप वापरतो, पावत्या जपून ठेवतो, तरी महिनाअखेर गणित काही जुळत नाही. पत्रांसोबत आलेले हिशेबही पाहिले. जवळजवळ सगळ्यांत एकच रकाना आहे, पैशांचा. घरात माल किती आला, किती खपला आणि किती टाकून दिला, याची नोंद कुठेच नाही. किराणा हा मुळात मालाचा खर्च आहे. मालाचा अंदाज नसेल तर पैशांची वही फक्त काय झालं ते सांगते, पुढे काय करायचं ते सांगत नाही.

प्रश्न : महिन्याची रक्कम ठरवून तिचे आम्ही चार सारखे भाग करतो आणि दर आठवड्याला एक पाकीट वापरतो. पाकिटाबाहेर सहसा जात नाही. तरी शेवटच्या दोन-तीन दिवसांत दर वेळी वेगळे पैसे काढावे लागतात. शिस्त कुठे कमी पडते?

शिस्त चोख आहे, भागाकार चुकलाय. चार आठवडे म्हणजे 28 दिवस. 31 दिवसांच्या महिन्यात 3 दिवसांसाठी तुमच्याकडे पाकीटच नाही. ते 3 दिवस म्हणजे महिन्याचा जवळजवळ दहावा भाग. वर्षाचे आठवडे 52, तुमची पाकिटं 48. चार आठवड्यांचं खाणंपिणं तुमच्या बजेटमध्ये धरलेलंच नाही, मग ते बाहेरून येणार नाही तर काय!

महिन्याच्या रकमेला 12 ने गुणा आणि 52 ने भागा. रक्कम 100 धरली तर आठवड्याला 25 नव्हे, साधारण 23 येतात. उरलेले 8 पाचव्या, छोट्या पाकिटात घाला. ते 28 तारखेनंतर उघडायचं. फेब्रुवारीत ते जवळपास अख्खं उरतं. ते मार्चसाठी राहू द्या, बाहेर जेवायला नको.

पण पाकिटं करण्याआधी आणखी एक काम आहे. तेल, धान्य, डाळी, साखर, साबण यांची खरेदी आठवड्याच्या तालावर चालत नाही. ती पहिल्याच आठवड्यात होते, पहिलं पाकीट फाटतं आणि मग दुसऱ्यातून उसनवारी सुरू होते. म्हणून टिकाऊ सामानाची रक्कम आधी बाजूला काढा. आठवड्याची पाकिटं फक्त नाशवंत मालासाठी, म्हणजे भाजी, फळं, दूध, अंडी वगैरेंसाठी ठेवा. साबण, धुण्याची पावडर, कागदी रुमाल असल्या वस्तू त्याच दुकानातून येत असल्या तरी त्यांचं खातं वेगळं असावं. नाहीतर एखाद्या महिन्यात साफसफाईचं सामान जास्त आलं की ‘खाण्यावर फार खर्च झाला’ असं वाटून उगाच भाजीला कात्री लागते.

प्रश्न : वर्षभरात आमचं बिल सव्वापट झालंय. पती म्हणतात ही महागाई आहे. मला वाटतं आपणच जास्त आणायला लागलो आहोत. खरं काय, हे कसं ओळखायचं?

हा वाद अंदाजाने मिटत नाही, पण एका संध्याकाळीत मिटवता येतो. वर्षापूर्वीच्या एका महिन्याच्या पावत्या शोधा. त्यांतल्या ज्या वस्तूंवर सर्वांत जास्त पैसे जातात अशा दहा-बारा वस्तू घ्या. प्रत्येकीचं तेव्हाचं वजन किंवा माप लिहा. त्याच मापांना आजचा दर लावा आणि बेरीज करा.

समजा, या वस्तूंना तेव्हा 100 लागले होते. तीच मापं आजच्या दराने घेतली तर 108 होतात. आणि आज प्रत्यक्षात जातात 126. मग 26 पैकी 8 महागाईचे. उरलेले 18 जास्त माल आणल्याचे, किंवा त्याच वस्तूचा महागडा प्रकार आणल्याचे. दोघंही थोडे थोडे बरोबर निघाल, पण कोण किती, हे कागदावर येईल. जुनी मापं कायम ठेवून नवे दर लावायची ही रीत जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेअर यांनी 1871 मध्ये मांडली. किंमत निर्देशांक काढताना ती आजही वापरात आहे. घरासाठीही ती तेवढीच चालते.

एक सावधगिरी मात्र घ्या. तुलना करताना ‘एक पाकीट’ असं लिहू नका, ग्रॅम लिहा. पाकिटाचा रंग तोच, किंमत तीच आणि आतला माल 1 किलोवरून 900 ग्रॅम, असं सर्रास होतं. दर 11 टक्क्यांनी वाढलेला असतो आणि पावतीवर मात्र काहीच हललेलं दिसत नाही. तुमच्या लक्षात एवढंच येतं की हल्ली वस्तू लवकर संपते. मग घरातल्या कुणाच्या तरी सढळ हातावर आळ येतो!

प्रश्न : उत्पन्नाच्या किती टक्के किराण्यावर जाणं योग्य?

असा सरसकट आकडा मी देत नाही, आणि कुणी दिला तर जरा सांभाळूनच घ्या. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा त्यातला वाटा घटतो. कमी पगाराच्या घरात जो टक्का काटकसरीचा, तोच मोठ्या पगाराच्या घरात उधळपट्टीचा ठरेल. तुमच्या मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा आणि त्यातून 5 टक्के कमी करून पाहा. एकदम 20 टक्के छाटणारी घरं दुसऱ्या महिन्यात पूर्वपदावर येतात. तिथं अडचण मनाच्या निश्चयाची नसते. डबे रिकामे झालेले असतात, ते भरावेच लागतात.

प्रश्न : आमच्याकडे खरेदी करणारे चौघे. साखर संपली म्हणून मी आणते, त्याच दिवशी मुलगाही आणतो. उलट कधी कधी सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने आणली असेल आणि डबा रिकामाच. बजेट कुणाच्या नावावर टाकायचं?

या वेळचा मला सर्वांत आवडलेला प्रश्न. पैसे वाटून देऊ नका, वस्तू वाटून द्या. टिकाऊ सामान एकाच माणसाने आणायचं. नाशवंत माल ज्याच्या वाटेवर बाजार आहे त्याने आणायचा. बाकीच्यांनी रिकाम्या हाताने घरी यायची सवय करावी, ही जरा अवघडच जाते.

आता त्या टिकाऊ सामानवाल्याचं काम. स्वयंपाकघरात कागदी चिकटपट्टी आणि एक पेन ठेवा. नवं पाकीट, नवी बाटली फोडली की त्यावर त्या दिवसाची तारीख लिहायची. संपली की तारखा मोजायच्या आणि मग पट्टी फेकायची. समजा, तेलाची 1 लिटरची बाटली 3 तारखेला फोडली आणि 24 तारखेला संपली. 21 दिवसांना 1 लिटर, म्हणजे महिन्याला साधारण दीड लिटर. हा आकडा कुठल्याही ॲपमध्ये सापडणार नाही, कारण ॲपला खरेदीची तारीख कळते, वापराची नाही. दोन बाटल्या एकदम आणल्या तर ॲपला तो महिना उधळा वाटतो आणि पुढचा काटकसरी. खरं तर दोन्ही महिन्यांत तेवढंच तेल खपलेलं असतं.

दोन-तीन महिने असं केलंत की दहा-पंधरा वस्तूंची तुमच्या घराची मापं हाती येतात. महिन्याची यादी मग आठवणीतून करावी लागत नाही. माप वजा शिल्लक, एवढं आणायचं. ‘संपलं’ म्हणून ओरड होईपर्यंत थांबायचंही कारण उरत नाही, कारण घाईघाईत, जवळच्या दुकानातून, मिळेल त्या भावात आणलेली वस्तूच सगळ्यात महाग पडते. एखाद्या वस्तूचं घरात जास्तीचं ठेवलेलं, राखीव पाकीट फोडलं की ती वस्तू यादीत जाते, हा एक नियम दारामागच्या फळ्यावर लिहून टाका. चौघांनाही वाचता येतो.

प्रश्न : मी एकटा राहतो. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं म्हणून घेतो, पण पूर्ण संपत नाही. लहान घेऊ?

हिशेब सोपा आहे. मोठं पाकीट जितके टक्के स्वस्त, तितके टक्के माल वाया गेला की दोन्ही सारखीच पडतात. 15 टक्के स्वस्त म्हणून आणलं आणि 15 टक्के टाकून दिलं, तर कमावलं काहीच नाही, जागा मात्र अडली. त्याहून जास्त टाकलंत तर लहान पाकीटच स्वस्त. मीठ, साखर, साबण यांची मोठी पाकिटं एकट्यानेही खुशाल घ्यावीत. पीठ, सुकामेवा, दळलेले मसाले मात्र नकोत. तेलकट पदार्थ खवट होतात आणि मसाल्याचा वास उडतो.

‘20 टक्के जास्त मोफत’ आणि ‘20 टक्के सूट’ यांतही फसायला होतं. पहिल्यात दर प्रत्यक्षात 17 टक्क्यांहून कमीच उतरतो. शिवाय जास्तीचा माल तुम्हाला हवा होता का, हा प्रश्न राहतोच.

तेल घेताना लिटर आणि किलो यांचा घोळ करू नका. तेल पाण्याहून हलकं असतं. 1 लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ते 920 ग्रॅम भरतं. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या 1 लिटर आणि 1 किलोच्या पिशव्यांची किंमत सारखी असेल तर किलोवाली घ्या, तिच्यात जवळजवळ दहावा हिस्सा तेल जास्त आहे. ‘910 ग्रॅम’ छापलेली पिशवी ही लिटरचीच पिशवी, तिला कमी भरलेली समजू नका.

प्रश्न : चार वस्तूंसाठी जाते आणि ढकलगाडी भरून येते. उपाय?

ढकलगाडी घेऊ नका. थट्टा करत नाही. 1937 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ही गाडी आणली, ती हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं हे पाहूनच. तुम्हाला थांबायचंच आहे, तर टोपली बरी. आणि यादीत नुसतं ‘डाळ’ लिहू नका, ‘डाळ, 1 किलो’ लिहा. माप नसलेली यादी दुकानात गेल्यावर फुगते.

प्रश्न : पाकिटावरची तारीख उलटली की मी लगेच फेकते. घरात यावरून बोलणी खावी लागतात. योग्य काय?

कुठली तारीख, ते आधी पाहा. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे. तोवर चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील, एवढंच उत्पादक सांगतो. कोरड्या, नीट बंद असलेल्या वस्तू त्यानंतरही बहुधा खाण्याजोग्या असतात. उघडून पाहा, वास घ्या, मग ठरवा. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ असेल तर तिथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे, काटकसर आड आणू नका. दूध, मांस, मासे यांतले अपायकारक जंतू दर वेळी वासावरून कळत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. तेव्हा बोलणी खाणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. फ्रिजचं तापमान 5 अंशांच्या खाली आणि फ्रीझरचं उणे 18 च्या आसपास आहे का, ते एकदा तपासा. फ्रिजमध्ये जुना माल पुढे आणि नवा मागे लावा. आणि टाकून दिलेली प्रत्येक वस्तू महिनाभर कागदावर लिहा, कारणासकट. बहुतेक घरांत त्याच तीन-चार वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. त्या कमी आणल्या की बजेट कुणालाही उपाशी न ठेवता उतरतं.

प्रश्न : घरपोच सेवा मोफत व्हायला थोडी रक्कम कमी पडते, म्हणून दर वेळी काहीतरी जास्त मागवतो. चूक आहे का?

मागवलेली वस्तू तुमच्या मापांच्या यादीतली असेल तर चूक नाही. पुढच्या महिन्याचा साबण आज आला, एवढंच. पण तो पुढच्या महिन्याच्या यादीतून आजच खोडा, नाहीतर तेव्हा पुन्हा येईल. यादीत नसलेलं काही मागवावं लागत असेल तर सरळ सेवाशुल्क भरा. बहुतेक वेळा ते त्या वस्तूपेक्षा कमीच असतं.