‘होम फ्रंट’ला मराठीत काय म्हणावे?

दुसऱ्या महायुद्धात मुंबई इलाख्याने ‘होम फ्रंट’वर, म्हणजे रणांगणामागे घरीदारी, काय केले, यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना तीन शंका विचारल्या आहेत. ‘गृहआघाडी’ हा शब्द चालेल का? ‘रेशन’ आणि ‘कंट्रोल’ एकच का? ‘कॉन्ट्रिब्यूशन’साठी ‘योगदान’ घ्यावे की ‘हातभार’?

‘गृहआघाडी’ टाळावा. ‘गृह’ म्हटले की मराठी वाचकाला गृहखाते किंवा गृहनिर्माण आठवते आणि ‘आघाडी’ म्हटले की निवडणुकीतला पक्षांचा गट. दोन्ही जोडून जे तयार होते त्यातून १९४२ सालची रॉकेलची रांग कोणाच्या डोळ्यांपुढे येणार नाही. हिंदीत ‘घरेलू मोर्चा’ म्हणतात, पण तो तसाच उचलण्यात आणखी मोठी अडचण आहे. ‘मोर्चा’ हा फारसीतून आलेला लष्करी शब्द. तोफा-बंदुकांसाठी आडोसा करून बांधलेली जागा हा त्याचा मूळ अर्थ. ‘मोर्चेबांधणी’ आणि ‘मोर्चा वळवणे’ यांत तो अजून शिल्लक आहे, मात्र नुसता ‘मोर्चा’ म्हटला की आज घोषणा देत निघालेली माणसेच दिसतात. त्यातून विषय १९४२ सालचा, म्हणजे खरे मोर्चे निघत होते तेव्हाचा. वाचकाची दिशाभूल झाल्याशिवाय राहणार नाही.

आपल्या जुन्या लष्करी बोलीत या कल्पनेच्या जवळ जाणारे शब्द आहेत. फौजेच्या पुढे बिनी, मागे चंदावल. लढणाऱ्यांना दाणागोटा पोचवायचा ती रसद, मदतीला पाठवायची ती कुमक. या सगळ्याची मागची बाजू ती पिछाडी. ‘पिछाडी सांभाळणे’ हा प्रयोग अर्थाने अगदी नेमका बसतो, कारण पिछाडी तुटली की रसद तुटते आणि रसद तुटली की आघाडी उपाशी मरते. पण मतमोजणीच्या बातम्यांनी ‘पिछाडीवर’ला ‘हरत असलेला’ असा अर्थ चिकटवला आहे. म्हणून शीर्षकात तो नको, मजकुरात ‘पिछाडी सांभाळली’ असा पूर्ण वाक्प्रचार जरूर वापरा. ‘बुणगे’ हा शब्द मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका. फौजेबरोबर चालणाऱ्या बिनलढाऊ माणसांचा तो शब्द, पण ‘बाजारबुणगे’ आज शिवीच्या अंगाने जातो.

माझी शिफारस ‘घरची आघाडी’. ‘घरची’ या साध्या विशेषणामुळे ‘आघाडी’चा राजकीय अर्थ मागे पडतो आणि ‘रणातली आघाडी’ व ‘घरची आघाडी’ ही जोडी वाचताक्षणी कळते. सरकारी थाटाच्या मजकुरात ‘देशांतर्गत आघाडी’ चालेल, मात्र तो कागदावरचाच शब्द आहे. आणि लेखात माणसांच्या तोंडी संवाद असतील तर तिथे यांपैकी एकही घालू नये. घरची माणसे या साऱ्याला एका नावाने हाक मारत नसत. त्यांच्या तोंडी सुटे शब्द होते: लढाई, महागाई, रेशन, कंट्रोल, भोंगा, ब्लॅकआउट, काळा बाजार.

लेखाच्या शीर्षकातला ‘इलाखा’ही दुरुस्त करावा लागेल. १९३५ च्या भारत सरकार कायद्याची प्रांतिक घडी १ एप्रिल १९३७ पासून बसली, तेव्हा ‘इलाख्या’चा ‘प्रांत’ झाला, आणि सिंध त्याआधी, १ एप्रिल १९३६ लाच, वेगळा झाला होता. १९३९ ते १९४५ या काळासाठी ‘मुंबई प्रांत’ हेच बरोबर. लोक ‘इलाखा’ म्हणत राहिले असतील, ते संवादात ठेवावे. ‘महाराष्ट्र’ असे तर लिहूच नये. त्या प्रांतात अहमदाबाद आणि धारवाड होते, पण नागपूर-अमरावती मध्य प्रांत व वऱ्हाडात, औरंगाबाद निजामाकडे आणि कोल्हापूर संस्थान. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ते संस्थानच्या भूमीवर. त्यांची गोष्ट ‘मुंबई प्रांताने केले’ या यादीत घालायची तर तसे स्पष्ट म्हणावे लागेल. गोवा पोर्तुगिजांचा, म्हणून तटस्थ. मुरगाव बंदरात आसऱ्याला असलेली तीन जर्मन व एक इटालियन जहाजे ९ मार्च १९४३ च्या रात्री बुडाली, ती घटना घरच्या आघाडीत बसत नाही.

आता ‘रेशन’ आणि ‘कंट्रोल’. बोलण्यात ‘कंट्रोलचं दुकान’ आणि ‘रेशनचं दुकान’ एकच, पण लेखात ते वेगळे ठेवलेच पाहिजेत, कारण युद्धकाळातले सगळे दुखणे या दोघांमधल्या फटीत आहे. कंट्रोल म्हणजे दर बांधणे. रेशन म्हणजे वाटा बांधणे. यांत तिसरा शब्द ‘लेव्ही’ धरा. लेव्ही म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारने ठरावीक भावाने सक्तीने घेतलेले धान्य. शब्दकोशात पाहून ‘लेव्ही’चे भाषांतर ‘कर’ असे केले जाते, ते येथे चूक आहे. धान्याचे पैसे मिळत होते, फक्त भाव आणि गिऱ्हाईक निवडायची मुभा नव्हती. ‘सक्तीची धान्यखरेदी’ म्हणा, किंवा खेड्यात रुळलेला ‘लेव्ही’च ठेवा.

तिघे एकत्र का लागतात, हे घटनाक्रमातून दिसते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. हिंदुस्थानात तो वर्षाला १० ते २० लाख टन येत असे, आणि मुंबई शहर व कोकण यांची भिस्त त्यावर मोठी होती. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर १९४१ मध्ये, सरकारने गव्हाचा कमाल दर ठरवला होता. दर बांधला, पण माल हातात घेतला नाही आणि घरटी किती द्यायचा तेही ठरवले नाही. मग व्हायचे तेच झाले. उघड्या बाजारातून गहू नाहीसा झाला आणि आडून चढ्या भावाने मिळू लागला. जानेवारी १९४३ मध्ये तो दर उठवावा लागला. नुसता कंट्रोल, मागे लेव्ही नाही आणि पुढे रेशन नाही, असे झाले की काळा बाजार जन्मतो. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशन सुरू झाले तेव्हा ही साखळी जुळली: माणसे मोजली, कार्डे दिली, प्रत्येक कार्ड एका दुकानाला बांधले आणि त्या दुकानाला सरकारी कोठारातून माल. म्हणून मूळ लेखात ‘१९४२ मधील फूड कंट्रोल’ असे असेल तर ‘धान्याचे दरनियंत्रण’ लिहा. तिथे ‘रेशन’ लिहिले तर मुंबईच्या बाबतीत तारीखच चुकते.

‘रेशन’ऐवजी ‘शिधा’ का नको, असेही विचारले जाईल. ‘शिधापत्रिका’ आणि ‘शिधावाटप’ सरकारने रूढ केले आहेत, पण १९४३ च्या संदर्भात नुसता ‘शिधा’ अर्थ बदलतो. शिधा म्हणजे कोरडे धान्य, डाळ, तूप, मीठ असे स्वयंपाकाचे सामान. ते भटजीला, पाहुण्याला, वारकऱ्याला किंवा चाकरीतल्या शिपायाला द्यायचे. घेणारा त्याचे पैसे मोजत नाही. रेशनचे धान्य मात्र रांगेत उभे राहून विकत घ्यायचे असते. २०२२ पासून काही सणांना शंभर रुपयांत मिळालेल्या सरकारी ‘आनंदाचा शिधा’मुळे हा फरक पुसट झाला आहे, म्हणून तर जुन्या काळाबद्दल लिहिताना तो जपायला हवा. पलटणीतल्या जवानाच्या रेशनला ‘शिधा’ म्हणा, गिरगावातल्या गृहिणीच्या रेशनला ‘रेशन’च.

इथेच मापांचा सापळा आहे. १९४३ च्या अन्नधान्य धोरण समितीने मोठ्या माणसाला रोजचे १ पौंड धान्य हे प्रमाण धरले; १९४६ च्या टंचाईत ते १२ औंसांवर आले. ग्रॅममध्ये हे अनुक्रमे ४५४ आणि ३४०. ८० तोळ्यांच्या शेराने १ पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर, ३९ तोळे. पण मूळ मजकुरात ‘मण’ आला तर कोणता मण ते आधी पाहावे. सरकारी आकड्यांतला बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित जास्त, म्हणजे ३७.३ किलो. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, १२.७ किलो. डोळे मिटून एकच गुणक लावला की आकडा जवळजवळ तिपटीने चुकतो. आणि पायली हे माप आहे, वजन नव्हे; तांदळाची पायली आणि ज्वारीची पायली काट्यावर सारखी उतरत नाही. अशा ठिकाणी मूळ एकक तसेच ठेवून पुढे किलो द्यावेत.

कापडाच्या बाबतीत ‘कंट्रोलचा कपडा’ हा शब्द अचूक आहे. १९४३ च्या कापड व सूत नियंत्रण हुकमानंतर गिरण्यांना ठाणावर किंमत छापावी लागे. ‘ठाण’ म्हणजे कापडाचा अखंड तागा, आणि ‘छापील किंमत’ हे शब्द इथे अक्षरशः खरे आहेत. लेखात ‘स्टॅम्प्ड प्राइस’ असेल तर ‘मुद्रांकित’ लिहू नका, त्याने स्टँप पेपर आठवतो.

नाण्यांचाही एक सुंदर शब्द त्या काळाने दिला: ‘भोकाचा पैसा’. धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून पैशाच्या मधोमध मोठे भोक ठेवले. आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या आतबाहेर होता, हा सुमारे दोन ग्रॅमचा. रुपयातली चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आणली होती आणि एक रुपयाची नोट परत आली होती. ‘छिद्रयुक्त नाणे’ असे भाषांतर करण्याचे काहीच कारण नाही, लोकांनी नाव आधीच ठेवले आहे.

हवाई हल्ल्याच्या सायरनला ‘भोंगा’ म्हणा. गिरणगावाला भोंगा आधीच ठाऊक होता, सायरनने फक्त त्याचा अर्थ वाढवला. ‘ब्लॅकआउट’ तसाच राहू द्या. १४ एप्रिल १९४४ च्या व्हिक्टोरिया गोदीतल्या घटनेला मात्र चुकूनही ‘बॉम्बहल्ला’ लिहू नये. त्या दिवशी अनेकांना जपान्यांनी हल्ला केला असे वाटले, पण तो अपघात होता. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या एकत्र होत्या. कापूस आतल्या आत धुमसतो आणि वरून पाणी मारून लवकर विझत नाही. दुपारी लागलेली आग आटोक्यात आली नाही आणि चारच्या सुमारास पहिला मोठा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. ‘बेल’ला ‘गठ्ठा’ म्हटले तर दाबून बांधलेल्या कापसाचे चित्र हरवते; ‘गासडी’ हाच व्यापारातला शब्द.

राहिला ‘योगदान’चा प्रश्न, आणि माझ्या मते साऱ्यांत महत्त्वाचा हाच आहे. ‘योगदान’ आणि ‘हातभार’ या दोन्हींत देणाऱ्याची राजीखुशी गृहीत आहे. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, ते कायदेमंडळाला न विचारता. नोव्हेंबरात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत प्रांत गव्हर्नरच्या हाती राहिला. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला. इथून गेलेल्या मालाचे पैसे ब्रिटनने लंडनमधल्या खात्यावर मांडले, ती बाकी युद्ध संपता संपता साऱ्या देशाची मिळून सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली, आणि तिच्या आधाराने इथे नोटा छापल्या जाऊन चलन सुमारे सहापट झाले. अर्धपोटी राहून जे दिले गेले त्याला ‘हातभार’ म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. ‘वाटा’ म्हणा: ‘दुसऱ्या महायुद्धात घरच्या आघाडीवर मुंबई प्रांताचा वाटा’. वाटा उचलला जातो तसा अंगावरही येतो, आणि इथे दोन्ही झाले. एखाद्याने आपणहून केले असेल, एआरपीत (हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या दलात) स्वयंसेवक म्हणून नाव दिले किंवा रक्त दिले, तिथे ‘हातभार’ मोकळेपणाने लिहावे.

एक शेवटची खबरदारी वेळांबाबत. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाचे घड्याळ एक तास पुढे केलेले होते. त्याशिवाय मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ही वापरात होता. म्हणून कागदपत्रातली वेळ भाषांतरात बदलू नये. ती युद्धकाळची प्रमाणवेळ आहे हे मजकुरावरून नक्की होत असेल, तरच आजच्या घड्याळाशी ताडताना एक तास वजा करावा.